अमेरिकेतील समलैंगिक प्रौढ चित्रपटांचा आरंभकाळ

समलैंगिक पुरुषांमधील लैंगिक आकर्षण व संबंध हा मुख्य विषय असलेले, बहुधा समलैंगिक पुरुषांनीच त्याच प्रेक्षकवर्गासाठी निर्माण केलेले आणि केवळ सज्ञान प्रेक्षकांसाठी असलेले चित्रपट म्हणजे समलैंगिक प्रौढ चित्रपट होत. अमेरिकेत या प्रकाराचा आरंभकाळ स्थूलमानाने १९४५ ते १९८५ असा मानता येतो. टपालाने विकल्या जाणाऱ्या मूक लघुरिळांपासून त्याची सुरुवात झाली. १९६८ नंतर तो चित्रपटगृहांत आला आणि १९८०च्या दशकात घरगुती व्हिडिओने त्याचे फिल्मवरील पर्व संपवले. प्रस्तुत लेखात या कालखंडातील प्रमुख दिग्दर्शक व चित्रपट, त्यांच्याशी निगडित कायदेशीर लढे आणि या चित्रपटांचे जतन यांचा आढावा घेतला आहे.

हे चित्रपट अभ्यासविषय का ठरले, याचे कारण त्यांच्या लैंगिक आशयापेक्षा त्यांच्या काळात शोधावे लागते. ज्या कृत्यांचे चित्रण त्यांत होते, ती कृत्ये त्या काळी अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत गुन्हा होती. खाजगी जागेतील, संमतीने झालेले समलैंगिक संबंध गुन्ह्यांच्या यादीतून वगळणारे पहिले राज्य इलिनॉय. तेथील सुधारित कायदा १९६२ मध्ये अमलात आला. कॅलिफोर्नियात असा बदल १९७६ मध्ये लागू झाला, न्यूयॉर्क राज्यात न्यायालयाच्या निर्णयाने १९८० मध्ये झाला आणि संपूर्ण देशात २००३ साली, ‘लॉरेन्स विरुद्ध टेक्सास’ या खटल्यानंतर झाला. त्यामुळे पुढे वर्णन केलेले अनेक चित्रपट ज्या शहरांत चित्रित झाले, तेथे त्यांतील नटांचे वर्तन चित्रीकरणाच्या वेळी कायद्याने दंडनीय होते. श्रेयनामावलीत स्वतःचे खरे नाव देण्यात किती धोका होता, हे यावरून ध्यानात यावे.

पार्श्वभूमी

हॉलिवूडच्या चित्रपटसंस्थांनी स्वतःवर घालून घेतलेली ‘हेज संहिता’ १९३४ पासून काटेकोरपणे पाळली जाऊ लागली. तीत ‘लैंगिक विकृती’ पडद्यावर सूचित करण्यासही मनाई होती आणि समलैंगिकता त्यातच मोडत असे. १९६१ मध्ये ही अट सैल झाली आणि १९६८ मध्ये संहितेच्या जागी वयोगटानुसार श्रेणी देण्याची पद्धत आली. मधल्या तीन दशकांत व्यावसायिक चित्रपटांत समलैंगिक पात्र आलेच, तर विदूषक, खलनायक किंवा अखेरीस आत्महत्या करणारा दुर्दैवी जीव या रूपात येई.

प्रायोगिक चित्रपटांत मात्र ही कोंडी आधीच फुटली होती. केनेथ अँगर यांनी १९४७ साली ‘फायरवर्क्स’ हा लघुपट केला. तो दाखवल्याबद्दल लॉस एंजेलिसमधील एका चित्रपटगृहचालकाला शिक्षा झाली. अपिलात ती रद्द ठरली. फ्रेंच लेखक झाँ जने यांच्या ‘अँ शाँ दामूर’ (१९५०) या तुरुंगातील प्रेमाविषयीच्या मूकपटाचे नशीब इतके चांगले नव्हते. कॅलिफोर्नियातील न्यायालयाने तो अश्लील ठरवला आणि १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अवघ्या एका मताच्या फरकाने तो निकाल कायम केला. हे दोन्ही चित्रपट प्रौढपट नव्हेत. पण त्यांच्यावरील खटल्यांनी पुढच्या दिग्दर्शकांना कोठवर जाता येईल याची कल्पना दिली.

शरीरसौष्ठवाच्या आडून

बॉब माइझर (१९२२–१९९२) यांनी १९४५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ‘अॅथलेटिक मॉडेल गिल्ड’ ही छायाचित्रसंस्था सुरू केली. स्टुडिओ म्हणजे त्यांच्या आईचे घर आणि मागचे अंगण. १९५१ पासून त्यांनी ‘फिजिक पिक्टोरियल’ हे नियतकालिक काढले. वरकरणी ते व्यायाम आणि शरीरसौष्ठव यांना वाहिलेले होते. त्यातील तरुण लंगोटासारखी पट्टी नेसून ग्रीक पुतळ्यांच्या पवित्र्यात उभे असत. कोणत्या वाचकांसाठी हे सारे चालले आहे, हे संपादक व वाचक दोघेही जाणून होते आणि टपाल खातेही. फिनलंडचे चित्रकार टूको लाकसोनेन यांची रेखाटने १९५७ मध्ये याच नियतकालिकात प्रथम झळकली. ‘टॉम ऑफ फिनलंड’ हे त्यांचे टोपणनाव तेथूनच जगभर गेले.

माइझर यांनी छायाचित्रांबरोबरच लहान मूकपटही केले. कुस्ती, रोमन गुलामांचे बंड, खलाशी आणि पोलीस, तुरुंगातली भांडणे अशा जुजबी कथानकांच्या या रिळांत लैंगिक कृती नसे. ती ८ मिमी फिल्मवर टपालाने विकली जात आणि ग्राहक घरच्या प्रक्षेपकावर, पडदे ओढून घेऊन पाहत. आज ही रिळे काहीशी बालिश वाटतात. तरीही त्यांत एक खेळकरपणा आहे, आणि अपराधी भावनेचा लवलेश नाही. त्या दशकात ही गोष्ट लहान नव्हती. माइझर यांना वारंवार खटल्यांना तोंड द्यावे लागले. त्यांच्या नटांपैकी जो डॅलेसँड्रो पुढे अँडी वॉरहॉल यांच्या निर्मितिसंस्थेच्या चित्रपटांतून प्रसिद्ध झाला.

न्यायालये आणि टपाल खाते

या व्यवसायाचा कणा टपाल असल्यामुळे पहिले लढेही टपाल खात्याशीच झाले. समलैंगिकांचे ‘वन’ हे मासिक लॉस एंजेलिसच्या टपाल अधिकाऱ्याने अडवले होते. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मासिकाच्या बाजूने निकाल दिला. समलैंगिकतेविषयी लिहिणे म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. दुसरा महत्त्वाचा खटला ‘मॅन्युअल एंटरप्रायझेस विरुद्ध डे’ (१९६२) हा. वॉशिंग्टनचे प्रकाशक लिन वोमॅक यांची शरीरसौष्ठवविषयक मासिके टपाल खात्याने जप्त केली होती. न्यायमूर्ती हार्लन यांच्या मते ही छायाचित्रे अभिरुचिहीन असतील, पण तेवढ्याने ती अश्लील ठरत नाहीत. स्त्रियांच्या तशाच छायाचित्रांना जी मोकळीक समाज देतो, तिच्याहून ती अधिक आक्षेपार्ह नव्हती. या निर्णयानंतर काही वर्षांतच पूर्ण नग्न छायाचित्रे उघडपणे विकली जाऊ लागली आणि शरीरसौष्ठवाच्या बुरख्याचे प्रयोजन उरले नाही.

अश्लीलता ठरवायची कशी, हा प्रश्न मराठी वाचकाला अपरिचित नाही. चंद्रकांत काकोडकर यांच्या कथेवरील खटला भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता झाली. दोन्ही देशांतील न्यायाधीशांना संपूर्ण कृती पाहायची की तिच्यातला निवडक भाग, याचाच निर्णय करावा लागत होता.

१९७३ मध्ये ‘मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा वेगळी दिशा घेतली. अश्लीलतेची कसोटी लावताना स्थानिक समाजाचे मापदंड ग्राह्य धरावेत, असे ठरले. न्यूयॉर्कमध्ये महिनोन्महिने चालणारा चित्रपट लहान गावात दाखवला तर तुरुंगवास होऊ शकेल, अशी स्थिती त्यामुळे आली आणि हे चित्रपट काही मोठ्या शहरांपुरतेच राहिले.

चित्रपटगृहात प्रवेश

१९६८ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या पार्क थिएटरने समलैंगिक पुरुषांसाठीचे चित्रपट जाहिरात देऊन दाखवण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कमधील स्टोनवॉल येथील उठाव जून १९६९ मधला. म्हणजे चित्रपटगृहातील हा अंधार चळवळीच्या उजेडाच्या वर्षभर आधीचा आहे. पार्कमधील पहिला लोकप्रिय दिग्दर्शक म्हणजे पॅट रॉको (१९३४–२०१८). त्यांच्या लघुपटांत नग्नता आहे, पण भर चुंबनावर, हातात हात घालून चालण्यावर आणि हळव्या प्रेमकथेवर आहे. ‘डिस्नेलँड डिस्कव्हरी’ (१९६९) मध्ये तर त्यांनी दोन तरुणांची प्रेमभेट त्या सुप्रसिद्ध उद्यानातच चित्रित केली. रॉको यांच्या चाहत्यांनी एक मंडळ स्थापन केले होते. चित्रपट पाहायला आलेले अनोळखी लोक तेथे एकमेकांचे स्नेही झाले. रॉको यांनी १९७० मधील लॉस एंजेलिसच्या पहिल्या समलैंगिक मोर्चाचेही चित्रण केले असून ते आज ऐतिहासिक साधन मानले जाते.

याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये जेम्स बिडगुड आपल्या लहानशा घरात, हाताने बनवलेल्या नेपथ्यात, सुमारे सात वर्षे एकच चित्रपट करत होते. ‘पिंक नार्सिसस’ १९७१ मध्ये प्रदर्शित झाला. पण निर्मात्यांशी मतभेद झाल्यामुळे बिडगुड यांनी आपले नाव काढून घेतले. दिग्दर्शकाच्या जागी ‘अनामिक’ असा उल्लेख होता आणि हा वॉरहॉल यांचा चित्रपट असावा असा तर्क अनेक वर्षे चालला. खरे श्रेय त्यांना मिळाले ते १९९०च्या दशकात.

‘बॉइज इन द सँड’

२९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्टी-फिफ्थ स्ट्रीट प्लेहाउस या चित्रपटगृहात वेकफील्ड पूल (१९३६–२०२१) यांचा ‘बॉइज इन द सँड’ प्रदर्शित झाला. या क्षेत्राच्या इतिहासातील ही सर्वांत महत्त्वाची तारीख होय. पूल हे व्यवसायाने नर्तक; ‘बॅले रूस द माँटे कार्लो’ या नृत्यसंस्थेत आणि पुढे ब्रॉडवेच्या संगीतिकांत त्यांनी काम केले होते. एकदा मित्रांसमवेत एक समलैंगिक प्रौढपट पाहायला गेले असता तो इतका कंटाळवाणा व हिणकस वाटला की याहून चांगला आपणच करावा असे त्यांनी ठरवले. सुमारे ८,००० डॉलर एवढ्या खर्चात, न्यूयॉर्कजवळच्या फायर आयलंडवर, १६ मिमी फिल्मवर हा चित्रपट तयार झाला.

चित्रपटाचे तीन भाग आहेत आणि संवाद जवळजवळ नाहीत. पहिल्या भागात समुद्रातून एक तरुण वर येतो, तो जणू वाट पाहणाऱ्याच्या इच्छेतूनच साकार झालेला. नर्तकाला शरीराची हालचाल कशी दिसते आणि किती वेळ थांबले म्हणजे ती दिसू लागते, याची जाण प्रत्येक दृश्यात आहे. झाडे, पाणी, लाकडी पायवाटा, ऊन यांना माणसांइतकेच महत्त्व मिळाले आहे. प्रौढपट पाहणाऱ्याला जी घाई असते, तिला पूल जुमानत नाहीत. प्रस्तुत चित्रपटाचे यश केवळ धाडसात होते असे मानणाऱ्यांनी ही बाजू दुर्लक्षिली आहे.

धाडस अर्थात होतेच. दिग्दर्शकाने पडद्यावर स्वतःचे खरे नाव दिले. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये जाहिरात आली. चित्रपटव्यवसायाचे मुखपत्र असलेल्या ‘व्हरायटी’ने परीक्षण छापले आणि सर्वाधिक उत्पन्नाच्या चित्रपटांच्या आपल्या यादीत त्याची नोंद घेतली. भिन्नलिंगी प्रौढपटांना प्रतिष्ठितांच्या बैठकीत आणणारा ‘डीप थ्रोट’ जून १९७२ मधला आहे. पूल यांचा चित्रपट त्याच्या सहा महिने आधीचा, हे इतिहासलेखनात अनेकदा राहून जाते. नायक कॅल कल्व्हर हे काही काळ शिक्षक होते. ‘केसी डोनोव्हन’ या नावाने ते रातोरात प्रसिद्धी पावले, परंतु मुख्य प्रवाहातील चित्रपटांत स्थान मिळवण्याचे त्यांचे प्रयत्न फळाला आले नाहीत. पूल यांनी नंतर ‘बिजू’ (१९७२) हा अधिक गूढ चित्रपट केला. तो पुष्कळ समीक्षकांना ‘बॉइज इन द सँड’हून सरस वाटतो. उतारवयात पूल यांनी आचारी म्हणून काम केले आणि २००० मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केले.

‘एल.ए. प्लेज इटसेल्फ’

पूल यांच्या स्वप्नाळू जगाला फ्रेड हॉल्स्टेड यांचा ‘एल.ए. प्लेज इटसेल्फ’ (१९७२) हे उत्तर मानावे लागेल. आरंभी डोंगरातील ओढ्याकाठी, फुलाकिड्यांच्या सान्निध्यात दोन पुरुषांची भेट होते. मग बुलडोझर येतो आणि त्या शांततेची जागा लॉस एंजेलिसचे रस्ते, वाहने, जाहिरातफलक व एकटेपणा घेतात. उत्तरार्धातील संबंध सत्ता, वेदना आणि शरणागती यांवर आधारलेले आहेत. ते दृश्य आजही अनेकांना असह्य होते. हॉल्स्टेड यांनी चित्रपटविद्येचे शिक्षण घेतलेले नव्हते. ते बागकामाच्या व्यवसायातून आले होते. तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे चित्रपट दाखवले व आपल्या संग्रहात घेतले. या प्रकारातील कृतीला असा मान मिळणे ही अपवादात्मक घटना होती. चित्रपट-अभ्यासक थॉम अँडरसन यांच्या ‘लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ’ (२००३) या शहराविषयीच्या सुप्रसिद्ध माहितीपटाचे शीर्षक येथूनच आले आहे.

समकालीन दिग्दर्शक

न्यूयॉर्कमध्ये जॅक डेव्हो यांच्या ‘हँड इन हँड फिल्म्स’ने शहरी जीवनाच्या कथा सांगितल्या. त्यांचा ‘अ नाइट अॅट द अॅडोनिस’ (१९७८) त्याच नावाच्या खऱ्या चित्रपटगृहात चित्रित झाला. ते चित्रपटगृह आज अस्तित्वात नाही. त्याचा जिना, प्रसाधनगृह, बाल्कनी हे सारे आता या चित्रपटातच पाहायला मिळते. सॅन फ्रान्सिस्कोचे पीटर बर्लिन स्वतःच दिग्दर्शक, नट, शिंपी आणि छायाचित्रकार होते. जो गेज यांनी १९७६ ते १९७९ या काळात ट्रकचालक व कामगार यांच्या प्रवासावर तीन चित्रपट केले. त्यांतील पुरुष स्वतःला कोणतेही नाव लावून घेत नाहीत, आणि हेच त्यांचे वैशिष्ट्य आहे.

आर्थर ब्रेसन (मृत्यू १९८७) यांचा विचार वेगळा करावा लागतो. ‘पासिंग स्ट्रेंजर्स’ (१९७४) हा त्यांचा पहिला मोठा चित्रपट. वृत्तपत्रातील एका जाहिरातीतून दोन पुरुषांचा पत्रव्यवहार सुरू होतो. भेटीपर्यंतचा भाग कृष्णधवल आहे आणि पुढे रंग येतात. अखेरीस ही दोघे सॅन फ्रान्सिस्कोच्या खऱ्याखुऱ्या मोर्चात चालताना दिसतात. एकांतातले प्रेम आणि रस्त्यावरची चळवळ यांची सांगड या प्रकारात दुसऱ्या कोणी इतक्या सहजतेने घातली नाही. १९७७ मध्ये ब्रेसन यांनी अनेक शहरांतील मोर्चांचे एकाच वेळी चित्रण करून ‘गे यूएसए’ हा माहितीपट सिद्ध केला.

अमेरिकेबाहेर

फ्रान्समध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रकार रुजला. फ्रान्सिस सावेल यांनी टोपणनावाने केलेला ‘इक्वेशन टू अॅन अननोन’ (१९८०) हा एकमेव चित्रपट आता उत्तम मानला जातो. जपानमध्ये ‘पिंक’ चित्रपटांच्या परंपरेतून १९८०च्या दशकात समलैंगिक प्रेक्षकांसाठीची स्वतंत्र शाखा निघाली.

व्हिडिओ आणि एड्स

सॅन फ्रान्सिस्को येथे चक होम्स यांनी १९७१ मध्ये ‘फाल्कन’ ही संस्था काढली होती. टपालाने रिळे विकणाऱ्या या संस्थेला घरगुती व्हिडिओमुळे मोठी बाजारपेठ मिळाली. प्रेक्षकाला घरबसल्या चित्रफीत मिळू लागताच चित्रपटगृहांची गर्दी ओसरली. कॅसेटवर पुढे सरकवण्याची सोय होती. त्यामुळे कथानक, निसर्गदृश्ये, प्रतीक्षा या गोष्टी अनावश्यक वाटू लागल्या. नट अधिकाधिक एकसारखे दिसू लागले. होम्स पुढे समलैंगिकांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थांचे मोठे देणगीदार झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील सामुदायिक केंद्राच्या वास्तूला त्यांचे नाव देण्यावरून वाद झाला; पैसा घ्यावा पण नाव घेऊ नये, ही वृत्ती त्यातून उघडी पडली.

जून १९८१ मध्ये एड्सच्या पहिल्या रुग्णांची वैद्यकीय नोंद प्रसिद्ध झाली. पुढील दशकात या चित्रपटांचे नट, छायाचित्रकार, संकलक, चित्रपटगृहांचे चालक आणि प्रेक्षक मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडले. ब्रेसन आणि केसी डोनोव्हन दोघेही १९८७ मध्ये गेले. हॉल्स्टेड यांचे दीर्घकालीन सहचर १९८६ मध्ये निवर्तले आणि १९८९ मध्ये हॉल्स्टेड यांनी आत्महत्या केली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस समलैंगिक प्रौढपटांत कंडोमचा वापर रूढ झाला.

एड्सवरील पहिला कथापट मोठ्या स्टुडिओने काढला नाही. तो ब्रेसन यांनी काढला. ‘बडीज’ (१९८५) केवळ नऊ दिवसांत चित्रित झाला. रुग्णालयातील एक मरणासन्न तरुण आणि त्याला सोबत करायला आलेला स्वयंसेवक एवढीच दोन मुख्य पात्रे. आरंभीच मृतांच्या नावांची छापील यादी सरकत जाते. शरीराविषयीचा संकोच ज्याने प्रौढपटांत सोडला होता, त्यालाच आजारी शरीराकडे न बिचकता पाहता आले, असे या चित्रपटाविषयी म्हणता येईल.

आक्षेप

या चित्रपटांवरील टीका सर्वस्वी नीतिवादी नाही. नटांत गोऱ्या तरुणांचेच प्राबल्य आहे. कृष्णवर्णीय पुरुष आलेच तर ठरावीक साच्यात येतात. नटांना एकदाच अल्प मोबदला मिळे आणि पुढील विक्रीत त्यांचा वाटा नसे. मृत किंवा वृद्ध नटांची प्रतिमा आज नव्याने प्रसृत करताना त्यांच्या संमतीचे काय, हा प्रश्न सुटलेला नाही. वितरणव्यवसायात गुन्हेगारी टोळ्यांचा शिरकाव होता आणि चोरट्या प्रतींनी ‘बॉइज इन द सँड’सारख्या चित्रपटांचेही नुकसान केले.

जतन

आरंभकाळातील अनेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. प्रती मोजक्याच काढल्या जात. रंग उडत, फिल्म तुटत असे. पोलिसांनी जप्त केलेल्या प्रती परत मिळण्याची शाश्वती नव्हती. पुष्कळ चित्रपटांत परवानगी न घेता वापरलेली गाणी होती, ती कॅसेटवर आणताना बदलली गेली. आक्षेपार्ह भाग कापले गेले. याहून मोठे कारण माणसांचे. दिग्दर्शक एड्सने गेल्यावर घर आवरायला आलेल्या नातेवाइकांना कपाटातील डब्यांत काय आहे हे कळल्यावर ते डबे बहुधा कचऱ्यात गेले. जे वाचले, ते मित्रांनी किंवा सहचरांनी वेळेवर उचलले म्हणून.

कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयातील मानवी लैंगिकताविषयक संग्रह (स्थापना १९८८) आणि लॉस एंजेलिसमधील ‘वन’ अभिलेखागार येथे संबंधित कागदपत्रे व साहित्य जपले आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट-अभिलेखागाराने ‘आउटफेस्ट’च्या सहकार्याने २००५ मध्ये स्वतंत्र प्रकल्प सुरू केला. माइझर यांचा प्रचंड संग्रह त्यांच्या नावे स्थापन झालेली संस्था सांभाळते. थॉमस वॉ यांचा ‘हार्ड टू इमॅजिन’ (१९९६) हा स्टोनवॉलपूर्व काळावरील ग्रंथ आणि जेफ्री एस्कॉफियर यांचा ‘बिगर दॅन लाइफ’ (२००९) हा व्यवसायाचा इतिहास विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे. जिम टुशिन्स्की यांनी बर्लिन व पूल यांच्यावर माहितीपट केले आहेत.

‘बडीज’ची नव्याने संस्कारित प्रत २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर ब्रेसन यांचे प्रौढपटही त्याच काळजीने संस्कारित करून महोत्सवांत दाखवण्यात आले.